शिळं खावं की टाकावं? खानदेशात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

जून-जुलै आला की देवपुरात रिक्षातून गाद्या, बादल्या आणि छोटा गॅस घेऊन पोरं-पोरी उतरायला लागतात. मी इथं धुळ्यात अकरा वर्षं डबे देते. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन फोन हमखास येतात: "काकू, आज डबा नको, पोट बिघडलंय." खोदून विचारलं की कळतं, रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला होता. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "पण वास येत नव्हता हो काकू."

वास येत नव्हता, हे खरंच असतं. म्हणून तर हा लेख लिहायला घेतला. अन्न आंबलं, चिकट झालं, वास मारायला लागलं की ते कुणीही टाकतं. माणसाला आडवं पाडणारे जिवाणू बहुतेकदा वेगळे असतात. ते वासही बदलत नाहीत आणि चवही. त्यामुळे नाकावर सगळं सोडू नका. पाकिटावरच्या तारखेवरही सोडू नका, कारण ती बंद पाकिटासाठी असते, तुमच्या खोलीतल्या उघड्या पातेल्यासाठी नाही.

पहिली पायरी: घड्याळ बघा, आणि बाहेरचं ऊनही

शिजवलेल्या अन्नात जिवाणू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. त्याच्या खाली ते सुस्तावतात, वर गेले की मरायला लागतात. मनासारखं तापमान मिळालं की काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाख. रात्री अकराला झाकून ठेवलेलं अन्न सकाळी सहाला काढता, तेव्हा मध्ये बरोबर सात तास गेलेले असतात.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असा साधा नियम आहे. पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तो एका तासावर येतो. आता आपल्याकडचं बघा. मार्च सरता सरता दुपार चाळिशीला टेकते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि पत्र्याच्या खोलीत रात्री बारालाही भिंतीतून झळ येत असते. म्हणून "आमच्याकडे रात्रीची आमटी सकाळी खातात, काही होत नाही" हे महाबळेश्वरच्या थंडीत खरं असेल. ती सवय गावालाच ठेवून या. इथं मार्च ते जून तासाभराचाच हिशेब धरायचा. एरवी दोन तासांचा.

दुसरी पायरी: ओलं की कोरडं, ते ठरवा

खानदेशात जुनी माणसं शिळं खातच नव्हती असं नाही. उलट भरपूर खायची. शिळी भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, नाहीतर कांदा-ठेच्याबरोबर, हा शेतावर जाणाऱ्यांचा नेहमीचा नाश्ता. शिळासप्तमीला तर चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचंच खायचं. पण ते लोक कोणतं शिळं खायचे ते नीट बघा. भाकरी, पुऱ्या, दशम्या, लोणचं, ठेचा, ताक. एकतर कोरडं, नाहीतर आंबट, नाहीतर मीठ-तेलात मुरलेलं. जिवाणूला पाणी लागतं, आणि आंबटपणा व मीठ त्याला मानवत नाही. आजीला जिवाणू हा शब्द माहीत नव्हता, पण हिशेब पाठ होता.

म्हणून उरलेल्या ताटाचे मनातल्या मनात दोन ढीग करा. कोरड्या ढिगात भाकरी, पोळी, दशमी, तळलेली बट्टी, चिवडा, शेव. ओल्या ढिगात वरण, भात, खिचडी, शेवभाजीचा रस्सा, भरीत, उकडलेले बटाटे, अंडी, मटण, दुधाचं काहीही. कोरडं दुसऱ्या दिवशी चालतं. ओलं तासांच्या हिशेबात येतं. बट्टी रात्री कोरडी राहिली तर सकाळी तुपात परतून खुशाल खा. पण तिच्यावर वरण ओतलं, की ती वरणाच्या हिशेबात गेली.

पावसाळ्यात कोरड्यावरही डोळा ठेवा. शिळी भाकरी मोडताना दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार सुटली, किंवा गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास आला, तर ती गाईलाही घालू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाचं म्हणाल तर तो आंबट म्हणून टिकेल असं वाटतं, पण उन्हाळ्यात दुपारचा रस संध्याकाळी बुडबुडे सोडायला लागतो. दूध घातलेला असेल तर त्याहून लवकर. ठेचा टिकतो, मात्र कच्चा लसूण नुसता तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि बोटुलिझम (नसा लुळ्या पाडणारी विषबाधा) करणाऱ्या जिवाणूला नेमकी तीच जागा आवडते.

तिसरी पायरी: भात आणि वरण वेगळे धरा

इथं जरा थांबते, कारण खोल्यांवर राहणाऱ्यांचं पोट याच दोघांनी बिघडतं.

तांदळावर मातीतून आलेला बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. भात शिजताना तो मरतो, पण त्याची बीजाणू नावाची कवचातली रूपं उकळत्या पाण्यातही तगतात. कुकर उघडून भात तसाच ठेवला, की कोमट ओलाव्यात ती जागी होतात, वाढतात आणि भातात एक विष सोडतात. हे विष उकळून जात नाही, फोडणीनं तर नाहीच. म्हणजे सकाळी तुम्ही मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे घालून कडक फोडणीचा भात केलात, जिवाणू सगळे मेले, पण विष जिथल्या तिथं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. "गरम करून खाल्लं होतं" हे म्हणूनच कामाचं उत्तर नाही.

वरणाची गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मोठी ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली आणि पंधरा लिटरचं वरणाचं पातेलं भरलेलं राहिलं. टाकायला जीव होईना. रात्री साडेदहाला झाकण ठेवून झोपले. सकाळी सहाला पळी घातली तर वर गार, आणि मधोमध अजून कोमट. साय धरल्यासारखा पातळ थर, तो जरा सुरकुतलेला. फेस नाही, आंबूस वास नाही, तुरीचा नि हिंगाचा छान वास. गॅसवर ठेवलं, कडेनं बुडबुडे आले, वाफ आली, उतरवलं. डब्यात घातलं नाही एवढी अक्कल होती, पण आमच्या ह्यांना बट्टीबरोबर वाढलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांना पोटात मुरडा सुरू झाला, आणि रात्रभर संडासाच्या वाऱ्या. शेजारच्या आजी सकाळी येऊन उरलेलं बघून एवढंच म्हणाल्या, "नुसतं तपाडीसन काय व्हस? फेकी दे ते."

नंतर मला कळलं की मोठ्या भांड्यात हळूहळू निवणाऱ्या डाळी आणि मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू वाढतो. त्याला हवा नको असते, आणि खोल पातेल्याच्या पोटात हवा नसतेच. खाल्ल्यावर ६ ते २४ तासांनी मुरडा आणि जुलाब. आमच्या घरची वेळ त्यात बरोबर बसत होती.

तेव्हापासून मी करते ते असं. उरणार हे दिसलं की जेवणं संपायची वाट बघत नाही. वरण पातेल्यातून परातीत किंवा पसरट ताटांत काढते, दोन-तीन बोटांपेक्षा जाड थर होऊ देत नाही. परात गार पाण्याच्या टोपात टेकवते, वर पंखा. अर्ध्या-पाऊण तासात ते हाताला गार लागतं. मग झाकून फ्रिजमध्ये. भातही तसाच ताटात मोकळा करून. फ्रिजमधला भात मी दुसऱ्या दिवशीपर्यंतच ठेवते. वरण-भाजी फार तर तीन दिवस. काढल्यावर एकदाच गरम करायचं, आणि गरम करायचं म्हणजे मधोमध उकळी फुटून पातेलं खळखळलं पाहिजे, ढवळून परत. कडेचे बुडबुडे ही उकळी नव्हे. जेवढं खायचं तेवढंच बाहेर काढा, पूर्ण भांडं रोज आत-बाहेर करू नका.

फ्रिज नसेल तर? मग उत्तर एकच, उरवू नका. एका माणसाला पाऊण वाटी तांदूळ पुरतो. भूक उरलीच तर भाकरी-चटणी आहे. माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं अन्न गार लागतं खरं, पण ते ५ अंश होत नाही.

चौथी पायरी: फ्रिज आहे म्हणून निर्धास्त राहू नका

खोलीवरचा जुना फ्रिज, दरवाज्याचं रबर सैल, आत चार जणांचं सामान कोंबलेलं. असा फ्रिज ५ अंशांवर राहत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा बघा. लाइट गेली तर दार उघडू नका. बंद दारात साधारण चार तास थंडावा टिकतो. चारच्या पुढं गेलं तर दूध, पनीर, शिजवलेलं सगळं संशयात. इथं उन्हाळ्यात वादळी वारं सुटलं की रात्र-रात्र लाइट नसते, तेव्हा हे कामाला येतं. कच्चं मटण-मासे नेहमी खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही.

पाचवी पायरी: पाकिटावरचे शब्द वाचा

"बेस्ट बिफोर" आणि "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेस्ट बिफोर म्हणजे तोवर चव, कुरकुरीतपणा उत्तम. त्यानंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. यूज बाय उलटली की मात्र तो विकायचाही नाही आणि खायचाही नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांपासून आपल्याकडे एक्स्पायरी किंवा यूज बाय छापणं बंधनकारक आहे, बेस्ट बिफोर ऐच्छिक. त्यामुळे जुन्या सवयीनं "अरे, चालतं आठवडाभर" म्हणण्याआधी कोणता शब्द आहे ते बघा.

माझा स्वतःचा निवाडा सांगते. बेस्ट बिफोर उलटून आठ-दहा दिवस झालेली बंद बिस्किटं, शेवया, चहापूड, साखर, मीठ, मी वापरते. खवट वास आला की तेलकट पदार्थ टाकते. दूध, पनीर, खवा, अंड्याचं किंवा मांसाचं काही, लहान मुलांचं पावडरीचं अन्न, यात एक दिवसही पुढं नाही. फुगलेलं पाकीट, फुगलेला डबा, शिवणीवर चेपलेला किंवा गंजून भोक पडलेला टिन, हे तारीख चांगली असली तरी चाखूनसुद्धा बघायचं नाही. आणि पाकीट फोडलं की छापील तारीख संपली, तिथून पुढं तुमचं घड्याळ.

मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. लिहिलेलं नसेल तर विचारा, लाजू नका. ऑनलाइन मागवत असाल तर, माल हातात पडताना निदान ३० टक्के आयुष्य किंवा एक्स्पायरीआधी ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

सहावी पायरी: बुरशी दिसली की कंजुषी नको

पावाच्या एका कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला की तो तोडून उरलेला खाणारे बरेच आहेत. बुरशीचे धागे मऊ पदार्थात खोलवर गेलेले असतात, डोळ्यांना दिसतो तो फक्त मोहर. पाव, पोळी, मुरंबा, शिजवलेली भाजी: पूर्ण टाका.

पण खानदेशात खरी भीती पावाची नाही, शेंगदाण्याची, मक्याची आणि भगरीची. दाण्यांवर आणि मक्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. ते भाजून, तळून, उकळून पुरतं जात नाही आणि यकृतावर बसतं. १९७४ साली शेजारच्या गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवेळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी गावांत कावीळ पसरली आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही मेली होती. मका भिजलाय हे लोकांना दिसत नव्हतं असं नाही, दुसरं खायला नव्हतं.

म्हणून ठेच्याला किंवा लाडवाला शेंगदाणे घेताना मूठभर ताटात पसरा. सुरकुतलेला, काळपट, हिरवट पावडर धरलेला दाणा बाजूला. चुकून कडू दाणा तोंडात आला तर थुंका, गिळू नका. सगळाच ढीग तसा असेल तर दुकानदाराला परत करा. भगरीचं असं की ती हवेतला ओलावा पटकन धरते आणि तिच्यावर बुरशी वाढते. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशीला भगर खाऊन गावंच्या गावं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचता ना, त्या याच्याच. बंद पाकिटातली, तारीख असलेली भगर घ्या. सुटं तयार पीठ तर नकोच, निवडून-धुऊन घरीच मिक्सरला फिरवा. उरलेली मागच्या उपवासाची भगर पुढच्याला काढू नका.

वाळवणाची मात्र काळजी कमी. जे ऊन वरणाचा घात करतं तेच ऊन कुरडया, बिबडे, पापड वर्षभर टिकवतं. कुरडईचा गहू तर तीन-तीन दिवस भिजवून आंबवलेला असतो, वास घेतला तर नवखा माणूस पळून जाईल. पण मेच्या उन्हात ती कडकडीत वाळली की त्यात पाणीच उरत नाही. ओळख सोपी: मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे. वाकली, लवचिक लागली, तर अजून ओल आहे.

सातवी पायरी: स्वस्तातलं, उरलेलं, टाकलेलं

आठवडी बाजारात किलोवर बिस्किटं, चॉकलेटं, नूडल्स मिळतात. सगळीच वाईट नसतात. पण छापील तारखेवर दुसरं स्टिकर, थिनरनं पुसल्यासारखा डाग, किंवा एकाच ढिगात बॅच नंबरच नसलेली पाकिटं दिसली, तर पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

लग्नसराईत पंगतीचं उरलेलं वसतिगृहात येतं. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगलीच, आणि उरलेलं अन्न वाटण्यासाठी २०१९ चे वेगळे नियमही आहेत. आणणाऱ्याला एकच विचारा: शिजलं किती वाजता? दुपारी बाराचं वरण-बट्टीचं जेवण संध्याकाळी सहाला टेम्पोतून आलं, तर बट्टी, बुंदी, पापड घ्या. वरण, मठ्ठा, वांग्याची भाजी, बासुंदी नका घेऊ. बासुंदी-पेढ्यांत वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विषही भातातल्यासारखंच उकळून जात नाही.

रावेर-यावलकडे गेलात तर निर्यातीतून बाजूला काढलेल्या केळ्यांचे ढीग रस्त्याला दिसतील. डाग पडलेलं, जास्त पिकलेलं केळ खायला उत्तम असतं, फक्त दिसण्यात मार खाल्लेलं. साल कुठंही फाटलेली नसली की घ्या, धुवा, सोला. साल फुटून गर उघडा पडलेलं नको, माशा आणि मातीचं पाणी आत गेलेलं असतं. भाजी बाजार उठताना पडून राहिलेल्या मालालाही तेच लागू: कोबी वरची पानं काढून, भोपळा, कांदा, लिंबू चालतील, पालक-कोथिंबीर गटाराच्या कडेची नको. हिरवा पडलेला आणि कोंब आलेला बटाटाही नको, त्यातलं विष शिजवून जात नाही. आणि दुधी भोपळा कापल्यावर टोकाचा कण जिभेवर ठेवून बघा, कडू निघाला तर पूर्ण फेका, रस तर अजिबात नको.

कचराकुंडीतून, गरजेपोटी, कुणी काही उचलत असेल तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगेन: कारखान्यात बंद झालेलं, न फुगलेलं, न फाटलेलं कोरडं पाकीट, किंवा जाड सालीचं अखंड फळ. शिजवलेलं, ओलं, दुधाचं, मांसाचं काहीच नाही. पाकीट फोडण्याआधी बाहेरून साबणानं धुवा, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

आठवी पायरी: तरीही पोट बिघडलंच तर

शेवटचं जे खाल्लं तेच दोषी असं धरून चालू नका. एक ते सहा तासांत उलट्या झाल्या तर भात, मिठाई, दुधाचं आठवा. मुरडा आणि जुलाब असतील तर काल दुपारपर्यंत मागं जा. साल्मोनेला नावाच्या जिवाणूला त्रास द्यायला दोन-तीन दिवसही लागतात.

ओआरएसची पुडी घरात असू द्या. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. घोटभर, सारखं. जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. शौचातून रक्त, मोठा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, ग्लानी, पाणीही पोटात टिकत नाही, किंवा आजारी माणूस लहान मूल, म्हातारं, गरोदर बाई असेल, तर रात्र काढायची वाट न बघता दवाखाना. एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, तर ती बोटुलिझमची चिन्हं असू शकतात. तेव्हा थेट १०८.

एकाच डब्यातून, एकाच दुकानातून घेतलेलं खाऊन दोघा-तिघांना झालं असेल तर उरलेलं रागानं फेकू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, पाकीट, बिल, बॅच नंबरचा फोटो काढा. अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आहे, आणि एफएसएसएआयचा टोल-फ्री नंबर १८००११२१००. तक्रार करताना किती वाजता खाल्लं, किती वाजता त्रास सुरू झाला आणि किती जणांनी खाल्लं, या तीन गोष्टी कागदावर लिहून मग फोन लावा. आणि तो डबा माझा असेल, तर आधी मला फोन करा, म्हणजे बाकीच्या घरी गेलेले डबे मला थांबवता येतील.